पुराच्या पाण्यातून निघालेली गाडी: ईसीएम शोधायचा, काढायचा आणि परत बसवायचा कसा

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस बडोद्यातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर चढली. फतेहगंज, समा, कारेलीबाग, अकोटा या भागांतल्या बेसमेंट पार्किंगमध्ये कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्याआधी ३१ जुलै २०१९ला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस झाला होता, तेव्हाही हेच. बडोद्यात गाडी बाळगणाऱ्या माणसाला इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, कुठे असतो आणि तो कसा सोडवायचा हे ठाऊक असायला हवं, ते यासाठी.

नुसत्या पाण्याने ईसीएम सहसा मरत नाही. पाणी आत असताना बॅटरी जोडलेली राहिली, किंवा कोणी "बघू तरी" म्हणून चावी फिरवली, की तो मरतो. गढूळ पाण्यातून दोन पिनांमध्ये वीज वाहू लागली की तांबं अक्षरशः विरघळतं. कपलर, म्हणजे वायरींचा गठ्ठा ईसीएमला जोडणारा प्लग, उघडून भिंगातून पाहा: कायम १२ व्होल्ट असलेली पिन सगळ्यांत आधी हिरवी पडलेली दिसते आणि अर्थिंगची शेजारची पिन बहुधा त्यामानाने स्वच्छ असते. बॅटरी पहिल्या तासात सोडवलेली गाडी आणि चार दिवस तशीच उभी राहिलेली गाडी, यांच्या कपलरांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पाना हातात घेण्याआधी

चावी फिरवू नका, सेल मारू नका, धक्का देऊनही चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर सेल मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते नुकसान ईसीएमपेक्षा मोठं. गाडी टो करून न्यायची असेल तर न्यूट्रलमध्ये घेऊन न्या. बडोद्याच्या जुन्या भागातल्या अरुंद गल्ल्यांत क्रेन शिरत नाही, तिथे चार माणसांनी ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत आणलेली बरी.

विमा असेल तर आधी कंपनीला कळवा. पाण्याची खूण दारांवर, सीटवर, डॅशबोर्डवर कुठवर आहे त्याचे फोटो काढा. सर्व्हेअर येण्याआधी तुम्ही बॅटरी सोडवली तर सहसा कोणाचा आक्षेप नसतो, उलट नुकसान वाढू नये म्हणून ते करायलाच हवं. पण पार्ट काढून उघडले तर दावा अडकू शकतो. म्हणून बॅटरी लगेच सोडवा, बाकीचं सर्व्हेअरने पाहिल्यावर.

विश्वामित्रीचं पाणी ओसरलेल्या भागात आणखी एक. बोनेट उघडताना आणि गाडीखाली हात घालण्याआधी टॉर्च मारून नीट बघा. इंजिनाच्या कोनाड्यांत साप शिरून बसतात, आणि नदीकाठच्या सोसायट्यांत मगरीही आलेल्या आहेत.

सामान फार लागत नाही: ८ आणि १० एमएमची गोटी (सॉकेट), एक्स्टेंशन आणि रॅचेट, टी-२०, टी-२५, टी-३० स्टार पाने, चपटा स्क्रू ड्रायव्हर, क्लिपा उचलायचं प्लास्टिकचं पातं, डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी लावून, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, मास्किंग टेप आणि मार्कर. मोबाईलचा कॅमेरा यातलं सगळ्यांत कामाचं हत्यार आहे. प्रत्येक क्लिप काढण्याआधी एक फोटो घ्या.

ईसीएम असतो कुठे

प्रत्येक कंपनीची जागा वेगळी, आणि एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल-डिझेल किंवा वर्ष बदललं तरी जागा बदलते. सेवा पुस्तिका किंवा त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर या क्रमाने शोधा.

पहिलं बोनेटखाली, बॅटरीच्या आसपास. अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो बॅटरीच्या बाजूला, मागे किंवा तिच्या ट्रेलाच उभा बसवलेला असतो. ॲल्युमिनियमची चपटी पेटी, साधारण पाठ्यपुस्तकाएवढी, पाठीवर उष्णता बाहेर टाकायच्या धारा, आणि एका बाजूला दोन मोठे कपलर. बॉश, डेन्सो, कॉन्टिनेंटल, मॅग्नेटी मरेली, डेल्फी, केफिको यांपैकी एखादं नाव लेबलवर असतं.

दुसरं, वायपरखालच्या प्लास्टिकच्या जाळीत, म्हणजे काऊलखाली. इथे असलेल्या ईसीएमला पूर येण्याचीही गरज नसते. पावसाचं पाणी वाहून न्यायची तिथली भोकं कडुनिंबाच्या पानांनी बुजतात आणि हौदासारखं पाणी साठतं. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी मे महिन्यातच ती जाळी काढून भोकं मोकळी करावीत.

तिसरं, आत, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा डावीकडच्या प्रवाशाच्या पायाशी बाजूच्या पॅनेलमागे. जुन्या इनोव्हात तो ग्लोव्ह बॉक्समागे आहे. आतला ईसीएम रस्त्यावरच्या चिखलापासून वाचतो, पण पायाशी असेल तर ओल्या कार्पेटसोबत दिवसेंदिवस भिजत राहतो. बाहेरून गाडी कोरडी दिसते आणि आत फोम पिळला तर पाणी निघतं.

सापडलेली पेटी खरोखर ईसीएमच आहे ना, हे वायरी बघून ठरवा. इंजेक्टर, थ्रॉटल, क्रँक सेन्सर यांच्या वायरींचा जाड गठ्ठा इंजिनाकडून थेट तिच्यात येतो. फ्युजबॉक्सच्या मागे चिकटलेली, बरेच छोटे कपलर असलेली प्लास्टिकची पेटी बीसीएम, म्हणजे दिवे, काचा, लॉक सांभाळणारा कॉम्प्युटर, असते. गिअर लिव्हरखाली मधल्या बोगद्यावर बसवलेली, पिवळे कपलर असलेली पेटी एअरबॅगची, तिला हात लावायचा नाही. ज्याला लोखंडी ब्रेक पाइप जोडलेले आहेत तो एबीएसचा ठोकळा.

स्ट्राँग हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी बुडाली असेल आणि जाड नारिंगी केबल दिसत असतील, तर इथेच थांबा आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाला बोलवा. मारुतीच्या काही माइल्ड हायब्रिड गाड्यांत पुढच्या प्रवाशाच्या सीटखाली छोटी लिथियम बॅटरी असते. तिचा व्होल्टेज घातक नाही, पण ती बुडालेली असेल तर तीही सोडवायला लागते.

वीज तोडणं

आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. क्रम उलटा केला आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी पडते, पाना तापून चिकटतो. निगेटिव्हचं टर्मिनल सोडवून कापडात गुंडाळून बाजूला दाबून ठेवा, ते आपोआप उडी मारून परत पोस्टला टेकतं.

गाडी बुडालेली नसेल, नुसता ईसीएम काढायचा असेल, तर बॅटरी तोडण्याआधी दोन कामं करा. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र) लावून साठलेले बिघाडाचे कोड लिहून घ्या, कारण पुढे ते पुसले जातील. आणि चावी बंद करून दहा मिनिटं थांबा. चावी बंद झाल्यावरही ईसीएम मेन रिले (त्याला वीज देणारा स्विच) धरून ठेवतो, थ्रॉटलची शिकलेली जागा वगैरे मेमरीत लिहितो. त्या वेळी वीज तुटली तर अर्धवट लिहिलेली मेमरी उरते. बटणस्टार्टची गाडी असेल तर रिमोट घरात ठेवून या, जवळ असला की गाडी पुन्हा जागी होते.

बॅटरी सोडवल्यावर एअरबॅगच्या कॅपॅसिटरमधली वीज उतरायला वेळ द्या. डॅशबोर्डखाली हात घालायचा असेल तर निदान तीन मिनिटं.

पेटीपर्यंत पोहोचणं

बोनेटखालच्या ईसीएमसाठी बहुधा बॅटरी काढावीच लागते. क्लॅम्पचा १० एमएमचा नट, मग बॅटरी सरळ वर. वजन दहा-पंधरा किलो असतं आणि तिरकी केली तर जुन्या बॅटरीतून ॲसिड गळतं. ट्रेचे तीन-चार बोल्ट काढले की ब्रॅकेट उघडं पडतं. काही गाड्यांत एअर फिल्टरची पेटीही आड येते. ती काढल्यावर थ्रॉटलचं तोंड स्वच्छ कापडाने बंद करा, आत एखादा बोल्ट पडला तर वेगळंच काम उभं राहील.

ग्लोव्ह बॉक्स काढायला तो उघडा, दोन्ही बाजू आत दाबा म्हणजे रोखणारे खुंट सुटतात, बाजूची दोरी किंवा डँपर काढा, आणि खालच्या बिजागऱ्यांतून पुढे ओढा. बाजूच्या पॅनेलसाठी आधी दाराच्या उंबऱ्याची पट्टी वर उचलायची, मग पॅनेलची प्लास्टिकची चक्री फिरवायची. थंडीत क्लिपा कडक होऊन तुटतात. दहा-बारा सुट्या क्लिपा आधीच आणून ठेवल्या तर काम अडत नाही.

काही गाड्यांत चोरी होऊ नये म्हणून ईसीएमच्या ब्रॅकेटला डोकं तुटलेले बोल्ट असतात. गोटी बसायला जागाच नसते. त्यावर बारीक कटिंग चकतीने खाच पाडून चपट्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवतात, किंवा कडेला छोटी छिन्नी टेकवून हलके ठोके देत उलटं फिरवतात. हे करताना ईसीएमवर ओलं कापड झाका, लोखंडाचा कीस कपलरमध्ये जाता कामा नये. आणि छिन्नीचे ठोके थेट ईसीएमच्या पेटीवर जात असतील तर तो मार्ग सोडा, खाचच पाडा.

कपलर काढणं: इथे घाई नको

ईसीएमचा मोठा कपलर ओढून निघत नाही. त्यावर आडवा दांडा असतो. दांड्याचं छोटं कुलूप अंगठ्याने दाबायचं आणि दांडा पूर्ण दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा. फिरता फिरता तो कपलर स्वतः वर उचलून देतो. अर्ध्यावर अडला तर कुलूप नीट दाबलेलं नाही किंवा आत चिखल बसलाय, असं समजा. काँटॅक्ट क्लीनर कडेने मारा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा करून बघा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटला तर दांड्याचे दात तुटतात, आणि तो कपलर सुटा मिळत नाही, बहुधा अख्खी वायरिंग घ्यावी लागते.

डिझेलच्या बॉश ईडीसी-१७ प्रकारच्या ईसीएमला ९४ आणि ६० पिनांचे दोन कपलर असतात, म्हणजे १५४ पिना. त्यातल्या बारीक पिना केसाच्या पिनेहूनही नाजूक. कपलर तिरका निघाला किंवा तिरका बसला तर कडेची एक पिन वाकते, आणि त्या एका पिनेमुळे गाडी कधी सुरू, कधी बंद असा त्रास महिनोन्‌महिने चालतो. दोन कपलर एकसारखे दिसत असतील तर टेप लावून क्रमांक टाका. वायर धरून कधीच ओढू नका.

पेटी हातात घेण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरू द्या. हिवाळ्यात हे जास्त जपायचं. पेटी कडेने धरा, पिनांना बोट नको. काढल्याबरोबर लेबलचा फोटो घ्या: हार्डवेअर क्रमांक, सॉफ्टवेअर क्रमांक, पार्ट क्रमांक, सगळे.

धुणं आणि वाळवणं

नदीचा गाळ पिनांमध्ये वाळला की दगडासारखा बसतो, म्हणून ओला असतानाच काढलेला बरा. पेटीच्या बाहेरून आणि पिनांवर डिस्टिल्ड वॉटर सोडा, मऊ ब्रश फिरवा, मग अल्कोहोलने धुवा. अल्कोहोल पाणी स्वतःबरोबर घेऊन उडून जातं. पेट्रोल, रॉकेल किंवा गंज सुटायचं तेल मारू नका. त्यांचा थर मागे उरतो आणि रबरी सील फुगतं. प्रेशर वॉशर तर लांबच ठेवा.

पेटीवर एक छोटं गोल भोक दिसतं, त्यावर पांढरी पातळ जाळी. तिच्यातून हवा जाते, पाणी सहसा जात नाही. ती टोचू नका. पेटी कानाशी हलवून बघा. आत पाणी खळखळत नसेल आणि सील शाबूत असेल, तर झाकण उघडायचं नाही. कारखान्यातला सील एकदा फुटला की घरच्या सिलिकॉनने तो तसा होत नाही. पाणी आत गेलंच असेल तर ते काम ईसीएम दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, आणि वाळवत ठेवू नका, लगेच द्या.

वाळवायला सावली आणि साधा पंखा, कपलरचं तोंड खाली, निदान ४८ तास. पावसाळ्यात बडोद्याची हवाच दमट असते, तेव्हा शेवटचे बारा तास सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा. तांदळात पुरून ठेवण्याने काही साधत नाही, उलट पीठ पिनांत जातं. हेअर ड्रायर जवळून धरला तर प्लास्टिक वाकतं.

पेटी वाळत असताना गाडीतल्या कपलरकडे बघा, कारण खरा घोटाळा अनेकदा तिथेच असतो. पाणी तारेच्या आतून, तांब्याच्या बटांमधून वर चढतं. संशय आलेल्या वायरचं आवरण कपलरपासून बोटभर वर सोलून पाहा. आत तांबं काळं असेल तर पिन कितीही घासा, ती वायर तेवढी बदलावीच लागेल.

ईसीएमवर आरोप करण्याआधी

"कॉम्प्युटर गेला" हे फार सहज बोललं जातं आणि त्यावर हजारो रुपये जातात. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागत नाही, स्कॅनर बोलत नाही, टाकीतल्या पेट्रोलपंपाचा दोन सेकंदांचा घुमण्याचा आवाज येत नाही, ही ईसीएमला वीज पोहोचत नसल्याचीही लक्षणं आहेत. फ्युज, मेन रिले, अर्थिंग आधी तपासा.

कपलर सुटा ठेवून बॅटरी जोडा आणि डायग्राममधल्या कायम-वीज पिनेवर बल्बची एक वायर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. मल्टिमीटर एवढ्यावर पुरत नाही: वायरची एकच बट शाबूत असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, तो लख्ख पेटला तर वायर खरी धडधाकट. बल्ब फक्त वीज आणि अर्थिंगच्या पिनांवर लावायचा, बाकी कुठेही नाही. आणि मल्टिमीटरची जाड सळई कपलरच्या भोकात खुपसू नका, भोक सैल होतं. त्याच मापाची सुटी पिन वापरा.

अर्थिंग तपासायला कपलर जोडून, चावी ऑन ठेवून, ईसीएमच्या अर्थ वायरमागे एक टोक आणि बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर दुसरं. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॉडीवरचा अर्थिंगचा बोल्ट काढून, गंज घासून, परत आवळा.

गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं संभाषण पाहायला बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतात त्या) ६ आणि १४ नंबर पिनांमध्ये ओहम मोजा. ६०च्या आसपास असेल तर कॅन लाइन, म्हणजे हे संभाषण नेणारी वायरींची जोडी, ठीक. १२० आलं तर एक टोक तुटलंय, किंवा ते टोकच ईसीएममध्ये आहे आणि तुम्ही तो काढून ठेवलाय. शून्याजवळ आलं तर दोन वायरी कुठेतरी चिकटल्यात, बहुधा ओल्या जॉइंटमध्ये.

पाण्याशिवाय ईसीएम मारायचे आणखी काही रस्ते आहेत. अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून बघणं, ही बऱ्याच मिस्त्रींची जुनी सवय. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते निभावून जायचं. आजच्या गाडीत बॅटरी अचानक तुटली की अल्टरनेटर क्षणभर कितीतरी पट व्होल्टेज फेकतो आणि तो धक्का थेट ईसीएमवर येतो. कोणी असं करायला निघालं तर हात धरून थांबवा. सायलेन्सर किंवा चासी वेल्डिंग करतानाही आधी बॅटरी आणि ईसीएमचे कपलर सोडवून घ्या.

परत बसवणं, किंवा दुसरा घेणं

कपलर सरळ टेकवून, दांडा हलक्या हाताने फिरवून, शेवटी कुलुपाचा टक आवाज आला पाहिजे. ब्रॅकेटचे बोल्ट सहसा ६ एमएमचे, त्यांना ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. ॲल्युमिनियमची आटी जोर लावला की निघून हातात येते. अर्थची पट्टी विसरू नका. मग बॅटरीचं पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. चावी ऑन करून अर्धा मिनिट तसंच ठेवा, चेक इंजिनचा दिवा पेटतो का बघा, स्कॅनर लावून कोड वाचा आणि मग पुसा. सेल मारायचा तो इंजिनात पाणी नाही याची खात्री झाल्यावरच: पेट्रोल गाडीत प्लग काढून, डिझेलमध्ये ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून, हाताने क्रँक फिरवून. सुरू झाल्यावर दहा मिनिटं एसी, दिवे बंद ठेवून आयडलवर राहू द्या. सुरुवातीला आयडल वरखाली होईल, थ्रॉटल शिकतोय. पॉवर विंडोचं ऑटोही बहुतेक गाड्यांत पुन्हा शिकवावं लागतं.

ईसीएम खरोखरच गेला असेल तर भंगार बाजारातला स्वस्त पीस घेताना हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही क्रमांक अक्षरन्‌अक्षर जुळवा. जुळले तरी गाडी सुरू होईलच असं नाही, कारण तो ईसीएम तुमच्या गाडीच्या इमोबिलायझरला (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला) आणि चावीला ओळखत नाही. जुन्या ईसीएमची मेमरी वाचता येत असेल तर ती नव्यात उतरवून घेणं सगळ्यांत सरळ, म्हणून मेलेला ईसीएमही टाकून देऊ नका. डिझेल गाडीत प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला कोड नव्या ईसीएममध्ये लिहावा लागतो. तो लिहिला नाही तर गाडी धूर सोडते, आयडलवर थरथरते, आणि दोष मात्र इंजेक्टरवर येतो.

गाडी नीट चालू लागल्यावर महिन्याभराने एकदा बॅटरी सोडवून कपलर पुन्हा उघडा. पिनांच्या बुडाशी हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली तर आतल्या वायरीत अजून ओल आहे. ती पिन बाहेर काढा, वायर काळी असेल तिथवर कापा, आणि सोल्डर करून उष्णतेने आवळणाऱ्या नळीने जोडा.